दार उघडे, उंबरठा उंच : सरकारी खरेदी आणि वंचित घटकांतील उद्योजक

शासन हा आपल्या देशातील सर्वांत मोठा ग्राहक आहे. ही गोष्ट साधी असली तरी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कचेरीतील टाचणीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत आणि रुग्णालयातील चादरीपासून सैनिकाच्या बुटापर्यंत असंख्य वस्तू केंद्र व राज्य शासनांची खाती, सार्वजनिक उपक्रम आणि स्थानिक स्वराज्य संस्था रोज विकत घेत असतात. ही सारी खरेदी देशाच्या सकल उत्पादनाच्या पंधरा ते वीस टक्क्यांच्या घरात जाते, असे ढोबळ अंदाज सांगतात. हा पैसा करदात्यांचा असतो. साहजिकच, तो कोणाच्या कारखान्यात, कोणाच्या गाळ्यात आणि कोणाच्या घरात पोचतो, हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. तो न्यायाचाही होतो.

सर्वांत कमी दर देणाऱ्याकडून माल घ्यावा, हा सरकारी खरेदीचा जुना नियम. वरकरणी तो अगदी निःपक्षपाती आहे. निविदा भरणाऱ्याची जात, गाव वा घराणे त्यात विचारले जात नाही. परंतु निविदेच्या दारापर्यंत पोचण्यासाठी बयाणा रक्कम लागते, मागील तीन वर्षांच्या उलाढालीचे ताळेबंद लागतात, तत्सम कामाचा अनुभव लागतो, बँकेची हमी लागते. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या ना जमीन होती ना दुकान, ज्यांच्यावर परंपरेने व्यापाराची वाटच बंद केली होती, त्यांच्यापाशी यांपैकी काय असणार? हा निःपक्षपाती नियम त्यांना उंबरठ्यावरच थांबवतो. तो उंबरठा खाली आणण्यासाठी आपल्या देशात जे प्रयत्न झाले, त्यांचे स्वरूप, त्यांचे यश आणि त्यांतील उणीव समजून घेणे उद्योजक ग्राहकांना जितके उपयोगाचे, तितकेच बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्यांनाही आवश्यक आहे.

मागणीचा जुना वारसा

हा विषय आजकालचा नाही. १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सादर केले. सरकारी नोकऱ्या आणि शिक्षण यांबरोबरच केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कंत्राटांत अनुसूचित जातींना जवळजवळ स्थानच नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते. नोकरीतील वाट्याची मागणी पुढे राज्यघटनेत उतरली. कंत्राटांतील वाट्याची मागणी मात्र दीर्घकाळ मागेच राहिली. दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींच्या शैक्षणिक आणि आर्थिक हितसंबंधांची जपणूक राज्याने करावी, असे घटनेचा अनुच्छेद ४६ सांगतो. त्यातील 'शैक्षणिक' या शब्दावर जितके काम झाले, तितके 'आर्थिक' या शब्दावर झाले नाही, असे म्हणावे लागते.

जानेवारी २००२ मध्ये भोपाळ येथे भरलेल्या परिषदेने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. तेथे संमत झालेल्या 'भोपाळ जाहीरनाम्या'त सरकारी खरेदी आणि खासगी उद्योगांची पुरवठा-साखळी यांत दलित-आदिवासी उद्योजकांना वाटा मिळावा, ही मागणी ठळकपणे होती. २००५ मध्ये पुण्यात श्री. मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजेच 'डिक्की', ही संस्था स्थापन केली. नोकरी मागणारे न होता नोकरी देणारे व्हा, हा या संस्थेचा आग्रह. श्री. कांबळे यांना २०१३ मध्ये 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. दलित समाजातही कारखानदार, कंत्राटदार आणि निर्यातदार आहेत, हे देशाच्या धोरणकर्त्यांना दिसू लागले ते याच काळात.

धोरणाचा गाभा

२ ऑक्टोबर २००६ पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा अमलात आला. त्याच्या कलम ११ ने शासनाला लहान उद्योगांसाठी खरेदी-प्राधान्य धोरण आखण्याचा अधिकार दिला. त्यानुसार मार्च २०१२ मध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश निघाला आणि १ एप्रिल २०१२ पासून तो लागू झाला. केंद्रीय मंत्रालये, खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, आणि त्या २० टक्क्यांमधील ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांच्या मालकीच्या उद्योगांचा असावा, असे त्यात म्हटले होते. पहिली तीन वर्षे हे उद्दिष्ट ऐच्छिक स्वरूपाचे होते. १ एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेशात दुरुस्ती होऊन एकूण वाटा २५ टक्के झाला आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्क्यांचे नवे उपलक्ष्य जोडले गेले. ही दुरुस्ती १ एप्रिल २०१९ पासून अमलात आली.

अनुसूचित जाती-जमातींचा उद्योग कोणाला म्हणावे, याचीही व्याख्या स्पष्ट आहे. एकल मालकी असेल तर मालक त्या प्रवर्गातील हवा; भागीदारी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा त्या प्रवर्गातील भागीदारांचा हवा; खासगी मर्यादित कंपनी असेल तर किमान ५१ टक्के भाग त्या प्रवर्गातील प्रवर्तकांकडे हवेत.

वाट्याच्या जोडीला काही सवलतीही आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगांना निविदेची कागदपत्रे विनामूल्य मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. निविदेच्या अंदाजित रकमेच्या दोन ते पाच टक्के इतकी ही रक्कम असते, हे लक्षात घेतले म्हणजे या सवलतीचे मोल कळते. गुणवत्ता व तांत्रिक निकष पूर्ण होत असतील, तर पूर्वानुभव आणि पूर्वीची उलाढाल या अटीही शिथिल करता येतात. याखेरीज कृषी अवजारे, एअर कूलर, बूट अशा ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्याव्यात, असे राखीव ठेवण्यात आले.

एका खुर्चीचे गणित

दराच्या बाबतीत हे धोरण नेमकी कोणती सवलत देते, याविषयी अनेकांचा गैरसमज असतो. एका उदाहरणाने ते स्पष्ट होईल. समजा, एखाद्या सार्वजनिक उपक्रमाला एक हजार खुर्च्या घ्यावयाच्या आहेत. सर्वांत कमी दर एका मोठ्या कंपनीने दिला : नगास १,००० रुपये. एका लघुउद्योजकाने १,१२० रुपये दर भरला. तो किमान दरापेक्षा जास्त आहे. परंतु १५ टक्क्यांच्या पट्ट्यात, म्हणजे १,१५० रुपयांच्या आत आहे. अशा वेळी त्या लघुउद्योजकाला विचारणा केली जाते : आपण १,००० रुपयांना माल देण्यास तयार आहात काय? त्याने होकार दिला, तर एकूण मागणीच्या किमान २५ टक्के, म्हणजे अडीचशे खुर्च्यांचा पुरवठा त्याच्याकडे येतो. मागणीचे तुकडे पाडणे शक्य नसेल, तर संपूर्ण पुरवठाही त्याला देता येतो.

यातील मर्म असे की धोरण संधी देते, जादा दर देत नाही. खुर्चीमागील १२० रुपयांचा फरक उद्योजकाला स्वतःच्या नफ्यातून किंवा खर्चातील काटकसरीतून भरून काढावा लागतो. ज्याला कच्चा माल ठोक भावाने मिळतो आणि भांडवल स्वस्त व्याजाने मिळते, त्याला हे जमते. जो लोखंड उधारीवर आणि पैसा सावकाराकडून घेतो, त्याला होकार देणे म्हणजे पदरचे घालून काम करणे ठरते. म्हणूनच निविदेतील सवलत आणि बँकेचे कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. पहिलीचा उपयोग दुसरीवाचून होत नाही.

चार टक्के का गाठले जात नाहीत?

केंद्रीय खरेदीतील सूक्ष्म व लघु उद्योगांचा एकूण वाटा गेल्या काही वर्षांत २५ टक्क्यांच्या पुढे गेला आहे. अनुसूचित जाती-जमातींचे ४ टक्क्यांचे उपलक्ष्य मात्र धोरण लागू झाल्यानंतर अनेक वर्षे एक टक्क्यापर्यंतही पोचले नाही. पुढे त्यात वाढ होत गेली, तरी ती मंद राहिली. असे का व्हावे?

पहिले कारण धोरणाच्या रचनेतच आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत उतरले नाहीत किंवा अटींना उतरले नाहीत, तर त्यांचा ४ टक्के वाटा अन्य सूक्ष्म व लघु उद्योगांकडून भरून काढता येतो. खरेदी अडून राहू नये म्हणून ही तरतूद आवश्यक आहे. परंतु तिच्यामुळे खरेदी करणाऱ्या खात्याला पुरवठादार शोधत जाण्याची निकडही उरत नाही.

दुसरे कारण कामाच्या स्वरूपाचे. हे धोरण वस्तूंच्या उत्पादनाला आणि सेवांना लागू आहे. निव्वळ व्यापारी त्यात बसत नाहीत आणि बांधकामाची कंत्राटे त्याच्या कक्षेबाहेर राहिली आहेत. वंचित समाजांतून जे लोक प्रथम उद्योगाकडे वळतात, त्यांपैकी पुष्कळ जण गवंडीकाम, खोदकाम, रंगकाम, मजूर-पुरवठा अशा वाटेने येतात. त्यांना या धोरणाचा लाभ होत नाही. ही उणीव काही राज्यांनी आपापल्या परीने भरून काढण्याचा प्रयत्न केला. कर्नाटकाने सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेच्या आपल्या कायद्यात दुरुस्ती करून ५० लाख रुपयांपर्यंतच्या बांधकाम कंत्राटांत अनुसूचित जातींना १७.१५ टक्के आणि अनुसूचित जमातींना ६.९५ टक्के आरक्षण दिले. २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटीपर्यंत वाढविण्यात आली. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या लहान कामांचा काही हिस्सा मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी ठेवण्याची पद्धत आहे. तिचा पाया जात हा नाही. श्रम आणि बेरोजगारी हा आहे.

तिसरे कारण माहितीचे आणि क्षमतेचे. ते ओळखूनच १८ ऑक्टोबर २०१६ रोजी लुधियाना येथे 'राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब' या योजनेचा प्रारंभ झाला. १९५५ पासून लहान उद्योगांच्या सेवेत असलेल्या राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाकडे तिची अंमलबजावणी सोपविण्यात आली. प्रशिक्षण, निविदा भरण्यास साहाय्य, प्रदर्शनांत सहभाग, महामंडळाच्या एकखिडकी नोंदणीसाठी नाममात्र शुल्क, बँक हमीच्या खर्चाची अंशतः प्रतिपूर्ती असे तिचे अनेक पैलू. यंत्रसामग्रीसाठी बँकेकडून कर्ज घेतल्यास २५ टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची सोयही या योजनेत करण्यात आली.

याच वर्षी ऑगस्टमध्ये 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस' अर्थात 'जेम' ही ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी तेथे उपलब्ध असलेल्या वस्तू व सेवांची खरेदी तेथूनच करणे केंद्रीय खात्यांना बंधनकारक केले. पूर्वी निविदेची बातमी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात किंवा कचेरीच्या फलकावर असे आणि ती ज्याच्या ओळखीचे लोक आत असत, त्याला आधी कळे. आता चंद्रपूरचा वा कोरापूटचा उद्योजकही दिल्लीतील खात्याची मागणी त्याच क्षणी पाहू शकतो. अनुसूचित जाती-जमातींचे आणि महिलांचे उद्योग खरेदीदाराला वेगळे ओळखता येतील, अशी व्यवस्थाही तेथे आहे. अर्थात, संगणक हाताळणारा माणूस, मालाचे नीट छायाचित्र आणि अचूक वर्णन या नव्या गरजा त्यामुळे निर्माण झाल्या, हेही खरे.

बँकेच्या खिडकीपाशी

चौथे आणि सर्वांत मोठे कारण भांडवलाचे आहे. ते समजण्यासाठी एका लहान कारखान्याचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. समजा, एका नवउद्योजकाला २० लाख रुपयांच्या लोखंडी बाकांचा पुरवठा-आदेश मिळाला. कच्चा माल, मजुरी आणि वाहतूक यांवर त्याचा १६ लाख रुपये खर्च होणार. व्याजापूर्वीचा नफा ४ लाख. बाके तयार होण्यास ४५ दिवस, तपासणीस १५ दिवस आणि बिलाचे पैसे येण्यास आणखी ४५ दिवस धरले, तर १६ लाख रुपये सुमारे साडेतीन महिने अडकून राहतात.

हे पैसे बँकेकडून ११ टक्के व्याजाने मिळाले, तर व्याज साधारण ५० हजार रुपये होते. तेच दरमहा तीन टक्क्यांनी सावकाराकडून उचलले, तर व्याज १ लाख ६८ हजारांवर जाते. इथवर नफा तरी उरतो. परंतु बिल आणखी सहा महिने रखडले, तर सावकाराचे एकूण व्याज ४ लाख ५६ हजार होते. म्हणजे बाके पोचली, काम पसंत पडले, आदेश पूर्ण झाला. आणि उद्योजक मात्र ५६ हजारांच्या तोट्यात गेला. सरकारी काम मिळाल्याचा पेढा वाटणाऱ्या माणसाने वर्षभरात कारखाना बंद करावा, असे जे घडते, त्यामागे बहुधा हेच गणित असते.

येथे बँकेच्या कार्यपद्धतीतील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. लहान उद्योगाच्या खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरविताना नायक समितीच्या शिफारशींवर आधारलेली पद्धत वापरली जाते. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज मानावी. त्यांपैकी किमान २० टक्के बँकेने द्यावेत आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतःचे घालावेत. वर्षभर समान गतीने चालणाऱ्या उद्योगाला हे माप योग्य बसते. पण ज्याची वर्षाची सारी उलाढाल म्हणजे तो एकच २० लाखांचा आदेश आहे, त्याला या मापाने ४ लाखांची मर्यादा मिळेल आणि गरज आहे १६ लाखांची. समितीने सांगितलेले प्रमाण किमान आहे, कमाल नव्हे. म्हणून अशा प्रस्तावात ताळेबंदाइतकाच पुरवठा-आदेश वाचला पाहिजे. आदेश कोणाचा आहे, तपासणी कोण करणार, पैसे किती दिवसांत देण्याचे मान्य केले आहे, हे पाहून त्या आदेशापुरते कर्ज मंजूर करणे आणि त्याची परतफेड बिलाच्या वसुलीशी जोडणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

आणखी एक गोष्ट उद्योजक बहुधा विसरतात. बयाणा रकमेची सूट मिळाली, म्हणजे कामगिरी हमीचीही सूट मिळाली, असे नाही. काम मिळाल्यावर करारमूल्याच्या ठराविक टक्क्यांची हमी द्यावी लागते आणि ती बहुधा बँक हमीच्या रूपात मागितली जाते. बँक त्यासाठी मार्जिन म्हणून मुदत ठेव ठेवावयास सांगते. आधीच टंचाईत असलेले भांडवल त्यात आणखी गुंतते. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी ही अवस्था. ती टाळण्यासाठी निविदा भरण्यापूर्वीच शाखेत येऊन हमीची मर्यादा मंजूर करून घेणे श्रेयस्कर.

तारणाचा प्रश्न सोडविण्यासाठी २००० मध्ये केंद्र शासन आणि सिडबी यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी पतहमी निधी न्यास स्थापन केला. स्थावर तारण नसलेल्या कर्जाला हा न्यास हमी देतो. एप्रिल २०२५ पासून या हमीची कमाल कर्जमर्यादा १० कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि शहरात सदनिका नाही, अशा उद्योजकासाठी हीच खरी वाट आहे. एप्रिल २०१६ ते मार्च २०२५ या काळात 'स्टँड-अप इंडिया' योजनेखाली प्रत्येक बँक शाखेने अनुसूचित जाती वा जमातीतील किमान एका आणि किमान एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज नव्या उद्योगासाठी द्यावे, अशी अपेक्षा होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील प्रथमच उद्योग सुरू करणाऱ्यांसाठी दोन कोटी रुपयांपर्यंतच्या मुदत कर्जाची नवी योजना जाहीर झाली. या कर्जांतून उभा राहिलेला कारखाना चालू राहण्यासाठी त्याला मागणी हवी. सरकारी खरेदीचे धोरण नेमकी तीच पुरवू पाहते. कर्ज देणारा अधिकारी आणि निविदा काढणारा अधिकारी एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांच्यातील दुवा उद्योजक स्वतःच असतो.

बिल थकले तर

२००६ च्या कायद्याने या बाबतीत लहान उद्योजकाच्या हाती बळकट साधन दिले आहे. माल स्वीकारल्यावर लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे मिळाले पाहिजेत आणि ही मुदत ४५ दिवसांहून अधिक ठरविता येत नाही. करारात मुदत नसेल, तर ती १५ दिवसांची मानली जाते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. तंटा झाल्यास राज्यांच्या सुविधा परिषदांकडे दाद मागता येते. ऑक्टोबर २०१७ पासून त्यासाठी 'समाधान' हे संकेतस्थळ उपलब्ध झाले.

प्रत्यक्षात मात्र कायद्याचे बोट दाखवण्यास उद्योजक कचरतात. ज्याच्याकडून पुढचे काम हवे, त्याच्याविरुद्ध तक्रार कशी करावी, ही त्यांची अडचण अनाकलनीय नाही. अशा वेळी 'ट्रेड्स' ही व्यवस्था अधिक उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे आखली आणि २०१७ मध्ये ती कार्यान्वित झाली. उद्योजकाने आपले बिल या मंचावर चढवावे, खरेदीदाराने ते मान्य करावे, मग बँका त्यावर वटणावळीचे दर देतात आणि उद्योजकाला सर्वांत अनुकूल दर निवडता येतो. पैसे लगोलग खात्यात येतात. मुदतीअखेर खरेदीदाराने पैसे दिले नाहीत, तर बँक उद्योजकाकडे वसुलीला येत नाही. ती जोखीम खरेदीदारावर राहते. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना या मंचावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. वरील उदाहरणातील बाके अशा उपक्रमाला विकली असती आणि त्याने बिल वेळेत मान्य केले असते, तर सावकाराची पायरी चढण्याची वेळच आली नसती.

नावाचा मालक आणि खरा मालक

कोणत्याही राखीव वाट्याला एक कीड लागण्याचा संभव असतो. मागास प्रवर्गातील वा घरातील स्त्रीच्या नावे उद्योग नोंदवायचा, ५१ टक्के भाग कागदावर तिच्या नावे ठेवायचे आणि कारभार मात्र दुसऱ्यानेच करायचा. नावाच्या मालकाला चार पैसे मिळतात. पण खाते थकले की नोटीस त्याच्याच नावाने निघते आणि पत कायमची जाते. म्हणून खाते उघडताना वा कर्ज मंजूर करताना बँकेने सहीचा अधिकार कोणाकडे आहे, यंत्र कोण चालवतो, मालाची किंमत कोण ठरवतो, हे प्रत्यक्ष भेटीत पाहणे गरजेचे आहे. ही तपासणी बँकेच्या पैशाचे रक्षण तर करतेच. त्याहून अधिक, ज्याच्या नावाचा वापर होतो आहे, त्या भोळ्या माणसाचेही रक्षण करते.

अन्य देशांचा अनुभव

अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस लघुउद्योग कायद्याच्या कलम ८(अ) खाली अल्पसंख्याक व वंचित उद्योजकांना सरकारी कंत्राटे देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. उद्योजक त्यात नऊ वर्षे राहू शकतो. पुढे त्याने खुल्या स्पर्धेत उतरावे, अशी अपेक्षा असते. तेथे या कार्यक्रमांची कसोटी न्यायालयांत लागली. १९८९ मध्ये रिचमंड शहराची ३० टक्क्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. जुलै २०२३ मध्ये एका संघीय न्यायालयाने केवळ वंशावरून वंचितता गृहीत धरण्यास मनाई केली. त्यानंतर अर्जदाराला स्वतःला सोसावा लागलेला भेदभाव सविस्तर लिहून द्यावा लागू लागला. दक्षिण आफ्रिकेने २००० मध्ये कायदा करून वेगळी वाट धरली. निविदेला शंभरपैकी ८० गुण किमतीचे आणि २० गुण सामाजिक उद्दिष्टांचे. मोठ्या कंत्राटांत हेच प्रमाण ९० आणि १० असे ठेवले गेले.

या अनुभवांपासून घेण्यासारखे दोन धडे आहेत. एक, लाभार्थी उद्योजक ठराविक काळानंतर स्वबळावर उभा राहिला का, हे मोजले गेले पाहिजे. आपल्याकडे वाट्याची टक्केवारी मोजली जाते. दहा वर्षांपूर्वी पहिला आदेश मिळालेला कारखाना आज चालू आहे काय, हे पाहण्याची प्रथा अजून रुजलेली नाही. दुसरा, कंत्राटाच्या जोडीला मार्गदर्शन आणि भांडवल दिले नाही, तर नुसत्या टक्केवारीने उद्योजक घडत नाही.

उद्योजकाने काय करावे?

ज्यांना या वाटेने जावयाचे आहे, त्यांनी काही गोष्टी क्रमाने कराव्यात. प्रथम 'उद्यम' नोंदणी करावी. ती विनामूल्य असून १ जुलै २०२० पासून हीच नोंदणी ग्राह्य आहे. ती करार करण्यापूर्वीची असावी, म्हणजे विलंबित देण्यांविषयीच्या संरक्षणाबद्दल पुढे वाद निघत नाही. नोंदणीत सामाजिक प्रवर्गाची माहिती अचूक भरावी आणि जातीचे प्रमाणपत्र तयार ठेवावे. त्यानंतर 'जेम'वर विक्रेता म्हणून नोंद करून आरंभी आपल्या आवाक्यातील लहान मागण्याच स्वीकाराव्यात. एक लहान आदेश वेळेवर पुरा केल्याचा दाखला दहा मोठ्या आश्वासनांपेक्षा मोलाचा असतो. सारे व्यवहार चालू खात्यातून करावेत, कारण खात्याचा उतारा हाच नव्या उद्योजकाचा पहिला ताळेबंद होय. निविदा भरण्यापूर्वी, ती मिळाल्यावर नव्हे, शाखा व्यवस्थापकांची भेट घ्यावी. दर भरताना वरच्या उदाहरणाप्रमाणे व्याजाचा आणि विलंबाचा हिशेब आधी कागदावर मांडावा.

राष्ट्रीयीकृत बँका कर्ज देतात, तशा त्या स्वतःही ग्राहक असतात. शाखांसाठी टेबले, खुर्च्या, लेखनसामग्री, गणवेश, साफसफाईची सेवा त्यांना लागतच असते. शाखेच्या परिसरात अशा वस्तू बनविणारा वंचित समाजातील एखादा उद्योजक असेल, तर त्याला पुढील निविदेची माहिती कळविणे हे नियमाच्या चौकटीत राहून करता येण्याजोगे काम आहे. चार टक्क्यांचा आकडा दिल्लीत ठरला खरा. पण तो भरून निघावयाचा आहे तो जिल्ह्याच्या गावी, एखाद्या गाळ्यात तयार झालेल्या, वेळेवर पोचलेल्या आणि वेळेवर पैसे मिळालेल्या मालाने.